मुका दगड

तुमच्यापैकी किती जणांच्या खणात दगड आहेत? आणि त्यावरून आईची बोलणी किती जणांनी खाल्ली आहेत? मीसुद्धा खाल्ली आहेत बरं का!

लहानपणी नागपूरला मामांनी मला एक दगड दिला होता. त्यात इवलासा शंख रुतलेला! कॉलेजात गेल्यावर मी तो ऐटीत भूगर्भशास्त्राच्या सरांना दाखवला. भिंगातून पाहून सरांनी विचारलं, "कुठे सापडला?" मी गप्प. नागपूरजवळ टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातले असे शंख मिळतात, हे सरांनीच सांगितलं. पण माझा दगड तिथलाच, हे सांगणार कोण? मामा तोवर वारले होते. सर म्हणाले, "दगड छान आहे रे, पण मुका आहे."

ते वाक्य मनात सलत राहिलं. पुढे म्हातारपणी भाचीकडे अमेरिकेत, सिनसिनाटीला गेलो. तिथे 'ड्राय ड्रेजर्स' नावाचं जीवाश्मप्रेमींचं मंडळ आहे, १९४२ सालचं. ड्रेजर म्हणजे पाण्याचा तळ खरवडणारा. ही मंडळी मात्र कोरड्या जमिनीवर समुद्र शोधतात! कारण सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. या मंडळात प्राध्यापक आणि हौशी माणसं शेजारी शेजारी बसतात. हौशी म्हणून हसू नका हं! रॉन फाइन या हौशी सभासदाला २०११ साली एक अजब जीवाश्म सापडला. तुकडे जुळवल्यावर तो सुमारे ७ फूट लांब भरला. २०१२ मध्ये तो शास्त्रज्ञांपुढे मांडला, तेव्हा तेही बुचकळ्यात पडले!

एका रविवारी नातवाबरोबर मी जवळच्या शॅरनव्हिलच्या जीवाश्म उद्यानात गेलो. तिथे जीवाश्म वेचायला परवानगी आहे. तासाभरात मला एक ट्रायलोबाइट मिळाला. पावसाळ्यात बोट लावताच वेटोळं करणारा पैसाकिडा आठवतो ना? तस्साच गुंडाळलेला! मी तो खिशात टाकणार, एवढ्यात नऊ वर्षांचा नातू ओरडला, "आजोबा, थांबा! आधी चिठ्ठी!" त्याने दगड कागदात गुंडाळला आणि वर लिहिलं : ठिकाण, टेकडीवरची जागा, तारीख, कोणाला सापडला.

घरी परतल्यावर मी मामांचा दगड काढला. चिठ्ठीवर 'टाकळी' लिहायचा फार मोह झाला. कोण विचारणार होतं? पण खोटं बोलणाऱ्या दगडापेक्षा मुका दगड बरा. मी लिहिलं : 'मामांनी दिला. ठिकाण माहीत नाही.'

म्हणून सांगतो, जिथे मनाई आहे तिथला दगड उचलू नका. आणि खणात जे आहे, त्याची चिठ्ठी आजच लिहा. कोणी दिलं असेल, तर त्यांनाही आजच विचारा. मी विचारायचं राहून गेलो.