वडाखालचा बाजार

हातकणंगल्याहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं बोरीबंदरला उतरलात, तर फोर्टातली दलाल स्ट्रीट जरूर बघा. रस्ता कसला, गल्लीच ती! पण नाव देशभर.

१८५० च्या सुमारास दलाल टाउन हॉलसमोर वडाखाली सौदे करत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जो तो शेअर घेत सुटला. १८६५ मध्ये युद्ध थांबलं अन् भाव कोसळले! कंपन्या, बँका बुडाल्या, कालचे शेठ कर्जबाजारी झाले.

दलाल मात्र टिकले. जागा बदलत १८७४ मध्ये ते या गल्लीत आले. नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढं कितीतरी वर्षं इथं ओरडून, हातवारे करून सौदे व्हायचे. १९९५ मध्ये संगणक आले आणि तो गलका थांबला.