गांधीमल्हाराची फीत

धारच्या न्यायालयातील काम आटोपले की देवासला जाऊन यावे, असा माझा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. दोन्ही गावे पवारांची; देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदली. मला ओढ असते ती टेकडीवरच्या तुळजा-चामुंडांची, आणि त्यांच्या पायथ्याशी राहून गेलेल्या कुमार गंधर्वांची.

क्षयाने जर्जर झालेले कुमारजी १९४८ साली येथे हवापालटासाठी आले. त्याच वर्षी जानेवारीत गांधीजींची हत्या झाली. पुढे काही वर्षे त्यांना गाणे वर्ज्य होते. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातील लोकगीते कानांवर येत, तेवढाच काय तो संगीताचा संबंध. पुढे १९६९ साली, गांधी-जन्मशताब्दीच्या निमित्ताने, याच माणसाने ‘गांधीमल्हार’ रचला. यास राजकीय संगीत म्हणावे काय? मी तरी म्हणेन. मारल्या गेलेल्या माणसाचे नाव रागास देणे, आणि तेही मल्हाराच्या कुळात, ही बाजू घेणेच होय. मात्र घोषणेवाचून घेतलेली.

त्या रागाची एक फीत वडिलांनी कोणाकडून तरी उतरवून घेतली होती. ते गेल्यावर मी ती संगणकावर घेतली, जागा वाचावी म्हणून ‘एमपीथ्री’ केली, आणि फीत रद्दीत दिली. मूळ दस्त आणि नक्कल यांतील भेद सांगण्यावर ज्याचे पोट चालते, त्याच्या हातून हे घडावे!

परवा भाच्याने मला समजावले. मोठ्या स्वराआड दडलेले बारीक ध्वनी कानाला कळणारच नाहीत, असे धरून एमपीथ्री ते टाकून देते. ‘फ्लॅक’ नुसती घडी घालते. आकार निम्म्याच्या आसपास येतो, पण उलगडताच आकडा न् आकडा परत मिळतो.

“मग माझे फ्लॅक करून दे.”

तो संकोचला. “मामा, टाकलेले परत येत नाही हो. नुसती जागा अधिक लागेल.”

कुमारजींचा तो तोकडा श्वास, दोन फेकींमधला विसावा, तंबोऱ्याची विरत जाणारी आस: जे बारीक, त्यावरच कात्री चालली असणार. परतताना टेकडीखाली बसून ते गाणे पुन्हा ऐकले. तंबोरा पाण्याखालून वाजल्यासारखा येत होता. वडील असते तर रागावले नसते. फीत कोठे ठेवलीस, एवढेच विचारते.