अबोल्यातली दोस्ती

कुमारवयातल्या मुलांच्या दोस्तीवरच्या कादंबऱ्या आम्ही बऱ्याच वाचल्या. मनात घर करून राहिली ती एकच, आणि ती निघाली यहुद्यांची. हाईम पोटोक या अमेरिकन लेखकाची ‘द चोझन’, १९६७ सालची. पोटोक स्वतः रब्बी होते. २००२ मध्ये वारले.

काळ १९४४चा, गाव न्यूयॉर्कमधले ब्रुकलिन. दोन यहुदी शाळांची सॉफ्टबॉलची मॅच चालली आहे. डॅनी साँडर्सने टोलवलेला चेंडू रूव्हेन माल्टरच्या चष्म्यावर बसतो आणि काच डोळ्यात जाते. दोघेही पंधरा वर्षांचे. डॅनी इस्पितळात भेटायला येतो, तर रूव्हेन त्याला हाकलून देतो. तो पुन्हा येतो. दोस्तीची सुरुवात ही अशी.

डॅनीचे वडील हसिदी पंथाचे गुरू. गादी बापाकडून मुलाकडे जाणारी. एखाद्या दर्ग्याच्या सज्जादानशीन घराण्यातल्या मुलाला हे समजावून सांगायला नको. दाढी, कानापुढच्या बटा, भोवतीचे मुरीद, सगळे जन्माआधीच ठरलेले. तालमूदच्या पानावर मधोमध मूळ मजकूर आणि भोवती भाष्ये असतात. अरबी किताबांचा हाशिया पाहिलेल्याला ते पान ओळखीचे वाटेल. हा अभ्यास सोडला तर बाप मुलाशी एक शब्द बोलत नाही. मुलाची बुद्धी अफाट, पण दुसऱ्याचे दुःख त्याला कळावे म्हणून हा अबोला, असा खुलासा शेवटी होतो. आम्हाला तो आजही पटलेला नाही. मुलगा मात्र लायब्ररीत चोरून मानसशास्त्र वाचतो, आणि त्याला पुस्तके सुचवणारे गृहस्थ रूव्हेनचे वडील निघतात.

मग मध्ये येते पॅलेस्टाईन. रूव्हेनचे वडील यहुदी राष्ट्राच्या बाजूने जाहीर भाषण करतात. डॅनीच्या वडिलांच्या मते मसीहा येण्याआधी असे राष्ट्र उभारणे हा धर्मद्रोह. त्या घरातल्या मुलाशी संबंध ठेवायचा नाही, असा त्यांचा हुकूम निघतो. एकाच कॉलेजात शिकणारी दोन मुले दोनेक वर्षे बोलत नाहीत. समोरासमोर आली तर डोळ्यांनी काय बोलतील तेवढेच.

ज्या जमिनीवरून हे भांडण, तिथल्या अरबांना या कादंबरीत चेहराच नाही. १९४८ मध्ये सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी घरांना मुकले. हे आम्हाला सलले, आणि सलायलाच हवे. ‘मग आपण हे कशाला वाचायचे?’ असे आमच्या एका बुजुर्ग स्नेह्यांनी विचारलेही. त्या दोन मुलांच्या अबोल्यासाठी, एवढेच आम्ही म्हणालो.

कारण तो अबोला आमच्या ओळखीचा होता. जानेवारी १९९३. आम्ही मुंबईत नववीत होतो. दंगलीनंतर शाळा उघडली तेव्हा आमच्या बाकावरचा दोस्त मागच्या बाकावर जाऊन बसला होता. त्याला घरून ताकीद होती. आमच्या अम्मीनेही आम्हाला तेच बजावले होते. घर सोडून मामूंकडे जाताना दप्तर मागेच राहिले होते. गणिताच्या तासाला मागून कंपासपेटी सरकत यायची. काम झाले की आम्ही ती मागे सरकवायचो. तो काही बोलायचा नाही, आम्हीही वळून पाहायचो नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत हे चालले.

कादंबरीत बंदी उठते तीही गाजावाजा न होता. इस्रायल झाले, वाद शिळा झाला. एके दिवशी डॅनी येऊन रूव्हेनसमोर बसतो आणि एका आलेखासाठी मदत मागतो. मधल्या दोन वर्षांचा हिशेब कोणी मागत नाही. ही जागा आम्ही कितीदा वाचली असेल!

आमचा तो दोस्त आता पुण्यात असतो. ईदला त्याचा फोन येतो, दिवाळीला आमचा जातो. मुलांच्या शाळा, आईबापांची दुखणी, सगळे बोलून होते. कंपासपेटीचा विषय मात्र अजून एकदाही निघालेला नाही.