तबल्याची हातोडी

शेजारचा तो मुलगा आज फार आठवतोय. थोरला भाऊ लोकलमधून पडून गेला तेव्हा हा कॉलेजात होता. रडला नाही. तेराव्यापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा देत राहिला आणि सगळे म्हणाले, पोरगं खंबीर आहे. पुढे गर्दचं व्यसन लागलं. घरातली तांब्याची घागर गेली, आईच्या पाटल्या गेल्या, शेवटी जिवापाड जपलेला तबलाही गेला. कॉटखाली उरली ती चुंबळ आणि हातोडी. हातोडीच्या दांड्यावर त्याच्या मुठीचा तेलकट डाग अजून आहे.

लोक त्याला वाया गेलेला म्हणत. मला ते कधीच पटलं नाही. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं केलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली. तेव्हापासून ऐकतोय आपण, की व्यसन हा आजार आहे. तरी घरोघरी शिव्याच.

तो उपचार घेऊन आला होता. टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावरचा त्रास, सोसली, अंगावर मांस चढलं. “काकू, आता भूक लागते हो,” म्हणाला. मग भावाच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास पुन्हा घेतलं, पूर्वीच्याच मापानं. काही महिने बंद राहिलं की शरीराची सहन करायची ताकद उतरते. जुनं माप जीव घेतं. त्याच्या आईला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर लपवू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४४६. आजच फोन करा.