गूढ शब्दकोड्यातले सामान्यरूप

गूढ शब्दकोड्यात अर्थावरून उत्तर ताडणे सोपे असते; त्याचे प्रत्येक अक्षर शोधसूत्रातून कसे निघाले हे दाखवणे अवघड. मराठीत ही उकल मुख्यतः दोन ठिकाणी अडते: मात्रेपाशी आणि सामान्यरूपापाशी.

मराठी कोड्याच्या एका घरात मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. त्यामुळे ‘मगर’ची अक्षरे फिरवून ‘गरम’ मिळते, पण ‘वानर’चा ‘नवरा’ होत नाही. त्यासाठी ‘वा’चा काना काढून ‘र’ला लावावा लागेल. काही कोडेकार ही सूट घेतात. घर अक्षराचे असेल तर फिरणारा तुकडाही अक्षराचाच हवा, म्हणून ही सूट अन्यायाची आहे.

सामान्यरूपाची अडचण याहून चिवट आहे. ‘वात उलटली की भाकरीचा आधार (२)’ याचे उत्तर ‘तवा’, आणि उकल स्वच्छ. तेच ‘वातीला उलटवले की भाकरीचा आधार’ असे लिहिले तर कागदावर ‘वाती’ आहे, आणि ती उलटून ‘तीवा’ मिळते. शिकणाऱ्याने यावर बोट ठेवले की मुरलेल्या कोडेकाराची पंचाईत होते, कारण प्रत्यय सोडवून मूळ शब्द धरण्याची त्याला इतकी सवय असते की ती सवलत आहे हेच तो विसरलेला असतो.

डी. एस. मॅकनट यांनी ‘झिमेनीज’ या टोपणनावाने १९६६ साली इंग्रजी कोड्यांचे काटेकोर नियम पुस्तकात मांडले. त्या भाषेत शब्दयोगी अव्यय आले तरी नामाचे रूप बदलत नाही, त्यामुळे हा पेच मराठीलाच सोडवावा लागतो. वाटा तीन आहेत.

पहिली, नाम प्रथमेत ठेवणे. ‘नायकाविना छावणी, विदर्भातले गाव (२)’: ‘छा’ गेला, ‘वणी’ उरली. कर्मणी प्रयोगही इथे मदतीला येतो. ‘वात उलटवली’ म्हटले तरी ‘वात’ अभंग राहते.

दुसरी, न बदलणारी नामे निवडणे. बाजाराला जाणारा माणूस ‘छावणीत’ जातो आणि शब्द शाबूत राहतो. ‘पुणे’ मात्र ‘पुण्यात’ मोडते. ‘नदी’ही अशीच: ‘नदीत गजमुख, रोखीचे (३)’. गजाचे मुख ‘ग’, ते नदीच्या पोटात, उत्तर ‘नगदी’.

तिसरी, शब्द दडवणे. ‘भात वाढला, त्यात दडला भाकरीचा आधार (२)’ यात पुन्हा ‘तवा’ आहे. इथे छापलेली अक्षरेच मोजायची असल्याने सामान्यरूप आले तरी बिघडत नाही.

निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण कटाक्षाने टाळणाऱ्या मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) भाषेत आजची बहुतेक दैनिके समानार्थी शब्दांच्या कोड्यांवर भागवतात, ही घसरण खेदाची आहे. गूढ कोडी रचणाऱ्यांचा दोष वेगळा. वाक्य देखणे झाले की त्याची वाहवा कोडेकाराला इतकी हवीशी वाटते की त्या मोहापायी तो ‘वातीला’ खपवून नेतो. सोडवणाऱ्याने अशा वेळी उत्तर भरावे, पण उकल मान्य करू नये.