गाडी सुरतेची, कचेरी धुळ्याची

नंदुरबारचा १९४२ चा लढा सांगताना एका आडवळणाच्या गावात अचानक ठिणगी पडली, असे लिहिण्याची रीत पडली आहे. रेल्वेच्या इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला ती पटत नाही. सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास अमळनेरला पोचली आणि तिथून जळगावला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या मुख्य मार्गाशी जोडली गेली. या मार्गावरची स्थानके ओळीने वाचावीत : बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर. १९२८ चा साराबंदीचा सत्याग्रह बारडोलीचा, १९३८ चे काँग्रेस अधिवेशन बारडोलीजवळच्या हरिपुऱ्याचे. साने गुरुजींनी अमळनेरची शिक्षकी सोडून १९३० मध्ये सत्याग्रहात उडी घेतली, आणि १९३६ चे अधिवेशन भरले ते भुसावळपलीकडच्या फैजपूरला. या साऱ्यांच्या मधोमध, एकाच लोहमार्गाच्या काठी, नंदुरबार होते. त्याच्या सार्वजनिक जीवनाचे तोंड कोणत्या दिशेला असावे, हे या मार्गाने ठरवले असे माझे म्हणणे आहे.

सरकारने ठरवलेली दिशा वेगळी होती. १९०६ मध्ये खानदेशाची विभागणी झाली आणि पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे धुळे झाले. पण नंदुरबारहून रेल्वेनेच धुळ्याला जायचे तर अमळनेर, जळगाव, चाळीसगाव असा भलामोठा वळसा पडे. एरवी सडकेची वाट. १९४४ च्या एप्रिलमध्ये क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला, तो धुळ्याहून नंदुरबारकडे सडकेनेच चालला होता. राज्यकर्त्यांच्या दोन ठाण्यांमध्ये सरळ रूळ नव्हते, हे त्या घटनेमागचे साधे भौगोलिक कारण सहसा कोणी नोंदवत नाही. लोकांचे तोंड मात्र सुरतेकडे होते. नंदुरबारच्या ९ सप्टेंबर १९४२ च्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे कोवळ्या वयाचे विद्यार्थी गोळीबाराला बळी पडले. त्या मिरवणुकीत गुजराती घोषणाही दुमदुमत होत्या. सुरतेकडचे वारे किती आतवर आले होते, ते यावरून कळते.

यावर आक्षेप येईल की सुरत–बऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग मोगल काळापासून नंदुरबारवरूनच जात होता. गुजराती पेढ्या आणि गुजराती बोली रेल्वेने आणलेली नाही. हे खरेच आहे. मात्र त्या वाटेवरून माल आणि मालाचे धनी ये-जा करत. रेल्वे आल्यावर तिसऱ्या वर्गाच्या डब्यात विद्यार्थी बसला, स्वयंसेवक बसला, आणि टपालाच्या थैलीतून वर्तमानपत्र ठरावीक वेळेला येऊ लागले. दुसरा आक्षेप असा की हा मार्ग किलिक निक्सन कंपनीने धंद्यासाठी, कापसावर डोळा ठेवून टाकला. तेही मान्य. पण रूळ कशासाठी टाकले आणि लोकांनी ते कशासाठी वापरले, या दोन गोष्टी इतिहासात वेगळ्याच मोजाव्या लागतात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्याकडून उठलेली देवीची चळवळ डांग, खानदेश आणि सुरतेच्या आदिवासी गावांत पसरली. दारू सोडा, मांस सोडा हा तिचा निरोप गावोगाव पायी गेला. हरिपुऱ्याचे अधिवेशन भरले त्याच १९३८ साली तळोद्याकडच्या मोरवडला आदिवासी समाजसुधारक गुलाम महाराजांच्या आरतीला सातपुड्यातून अलोट गर्दी लोटत होती, आणि तिथे कोणतीही गाडी जात नव्हती. मग रेल्वेवाचून सार्वजनिक जीवन घडत नाही, असे कोण म्हणेल? मी तसे म्हणत नाही. माझा दावा तापीच्या दक्षिणेपुरता आहे. उत्तरेला दुसरे, तितकेच जिवंत सार्वजनिक जीवन उभे राहत होते. पण वर्तमानपत्र रुळांच्या काठाने फिरे, म्हणून नोंद झाली ती मुख्यतः शहराची. नंदुरबार जिल्ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याने स्थानकाबाहेर पडून मोरवडची वाट धरायला हवी, कारण शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि धडगाव या चार तालुक्यांत आजही रेल्वे पोचलेली नाही.