जळालेला पाठ

वाईस सापडलेल्या कागदपत्रांतून वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड सिद्ध केला. जीर्ण कागदावरचे गेलेले अक्षर अंदाजाने भरू नये, ही शिस्त मला मात्र सांगलीतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नीट उमगली.

जुन्या मॉनिटरच्या पडद्यामागील दिव्यांना शेकडो व्होल्ट पुरवणाऱ्या इन्व्हर्टरवरचा एक ट्रान्झिस्टर जळाला होता; क्रमांक काजळीत गेलेला. कारागिराने दुसऱ्या दिव्याच्या शाखेतला त्याचा शाबूत जोडीदार शोधून क्रमांक वाचला, तांब्याच्या रेषा ताडून पाहिल्या. तरी नवा बसवला नाही. “सर, हा का जळाला ते आधी बघू, नाहीतर नवाही जळेल.” ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे आतून शॉर्ट निघाले.

पाठभेद नोंदवताना आपणही दुसरी प्रत पाहतो. पण पाठ मुळात बिघडला कसा, हे किती जण विचारतो?